बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर पेशंट विसरायला लागला तर : मेंदूतला विषाणू शोधण्याची पायरीपायरीची वाट

रक्ताचा कॅन्सर, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया. या आजारांसाठी लातूर, नांदेड, परभणी, बीडकडचे पेशंट ट्रान्सप्लांटला मुंबई, पुणे किंवा हैदराबादला जातात. तिथं काही महिने भाड्याच्या खोलीत नाहीतर धर्मशाळेत काढतात आणि मग गावी येतात. काही जण सांगितलेल्या मुदतीच्या आधीच येतात. पैसे संपतात, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, घरी लहान लेकरं असतात. मेंदूची गुंतागुंत नेमकी याच काळात उभी राहू शकते. तेव्हा पेशंटजवळ बायको, भाऊ नाहीतर गावातले डॉक्टर असतात आणि ट्रान्सप्लांटची टीम तीनशे किलोमीटर लांब असते.

हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. घरच्यांनी पहिले दोन भाग नीट वाचावेत. पुढचं बरंचसं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांसाठी आहे, पण आपल्या माणसाची कोणती तपासणी कशासाठी चालली आहे हे नातेवाइकांनाही कळायला हवं, म्हणून तेही सोप्या शब्दांत लिहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की ट्रान्सप्लांट झालेल्या माणसात नव्यानं आलेला विसर किंवा गोंधळ ही हार्ट ॲटॅकइतकीच तातडीची गोष्ट आहे, आणि तिचं निदान सुरुवातीचे काही तास कोणी काय लिहून ठेवलं यावर बरंच अवलंबून असतं.

आधी दिवस मोजा

ज्या दिवशी दात्याच्या पेशी शरीरात सोडल्या तो दिवस शून्य. तिथून आज कितवा दिवस, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. या एका आकड्यावरून संशयाची दिशा बदलते.

पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत मेंदूज्वर झाला तर पहिला संशय एचएचव्ही-६ या हर्पिस कुटुंबातल्या विषाणूवर घ्यायचा. त्याचा ‘बी’ प्रकार जवळपास प्रत्येकाच्या अंगात दोन वर्षांच्या आतच शिरलेला असतो आणि आयुष्यभर गुपचूप पडून राहतो. प्रतिकारशक्ती पुसली गेली की तो उठतो. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या सुमारे निम्म्या पेशंटच्या रक्तात तो पुन्हा दिसतो आणि बहुतेकांना काहीच होत नाही. थोड्यांच्या मेंदूला मात्र तो धरतो. नाळेच्या रक्तातून ट्रान्सप्लांट झालेल्यांना, आणि दात्याचा जोड पूर्ण न जुळलेल्यांना धोका जास्त. स्वतःच्याच पेशी परत घेतलेल्यांना तो बराच कमी असतो.

नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू, हर्पिस सिम्प्लेक्स, सीएमव्ही, ईबीव्ही आणि जेसी व्हायरस हे अंगात दडून राहणारे विषाणू पुढच्या महिन्यांतही येऊ शकतात. सीएमव्हीचा मेंदूज्वर बहुधा उशिरा दिसतो, विशेषतः ज्यांना आधी सीएमव्हीसाठी वारंवार औषध द्यावं लागलं त्यांच्यात. जेसी व्हायरसचा आजार आठवड्या-आठवड्यानं सरकत वाढतो.

दिवसाच्या आकड्याखाली चार गोष्टी लिहा : दाता कोण होता, जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटणं) झाला का, स्टिरॉइड किती आणि कधीपासून, आणि नागीण-हर्पिस दाबून ठेवणारी ॲसायक्लोव्हिरची गोळी चालू आहे का. ही गोळी साधारण वर्षभर घ्यायची असते. ती ‘संपली होती, दुकानात नव्हती’ म्हणून पंधरा दिवस चुकली असेल तर नागीण आणि हर्पिसचा संशय लगेच वर येतो. सीएमव्हीसाठी लेटरमोव्हिर चालू असलेल्यांना वाटतं की विषाणूचं औषध तर चालूच आहे. लेटरमोव्हिर हर्पिस आणि नागिणीवर काम करत नाही. दोन्ही गोळ्या वेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात.

घरच्यांनी काय पाहायचं

एचएचव्ही-६ मेंदूच्या कानाजवळच्या आतल्या भागावर बसतो. नवी आठवण तिथं तयार होते. म्हणून या पेशंटचं वागणं अगदी विशिष्ट असतं. तलाठ्याच्या दप्तरातले जुने सातबारे शाबूत असावेत आणि आजची नोंदच होऊ नये, तसं त्याचं होतं. लग्नाचं साल, शेताचा गट नंबर, लेकरांची नावं बिनचूक सांगतो. सकाळी काय खाल्लं ते मात्र आठवत नाही. ‘आपण कुठं आलोत?’ हाच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो. घरचे म्हणतात, ‘औषधांनी डोकं चक्रावलंय, सुधरंना त्याला.’ झोप उडते. काहींना आधी ताप किंवा अंगावर पुरळ येऊन गेलेलं असतं. नंतर फिट येऊ शकते.

रोज संध्याकाळी साधी परीक्षा घ्या. तीन शब्द सांगा, उदाहरणार्थ बैल, कुलूप, लिंबू. पाच मिनिटं दुसरं काही बोला, मग विचारा. आजचा वार विचारा. स्वतःचं नाव आणि एक ओळ लिहायला सांगा आणि त्या कागदावर तारीख टाका. अक्षर आणि उत्तरं पहिल्या दिवसापासून साठवली तर फरक डॉक्टरांना दाखवता येतो.

यातलं काहीही नवीन दिसलं तर ट्रान्सप्लांट सेंटरला त्याच तासाला फोन करा : एकच प्रश्न वारंवार, दिवस-रात्रीचा गोंधळ, भलतंच बरळणं, दिसायला अंधुक, एका बाजूची ताकद कमी, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, सतत झोपून राहणं, चेहऱ्याला किंवा हाताला थोडा वेळ झटके. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून कोणी अंगारा लावला तर लावू द्या, भांडणात वेळ घालवू नका, पण गाडी त्याच वेळी दारात उभी असली पाहिजे.

फिट आली तर एका कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा आणि दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. डोळे कुठल्या बाजूला फिरले, झटका कुठून सुरू झाला हे त्या व्हिडिओत मेंदूच्या डॉक्टरांना दिसतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

ट्रान्सप्लांट सेंटरच्या कोऑर्डिनेटरला फोन करताना किंवा मेसेज पाठवताना एवढं सांगा : ‘भावाच्या पेशी, आज ४१ वा दिवस, कालपासून विसरतो, ताप १०० , बीपी १५०-९०, टॅक्रोलिमसची मात्रा अमुक, शेवटची पातळी अमुक तारखेची, प्लेटलेट इतक्या, आत्ता अमुक दवाखान्यात आहोत.’ टॅक्रोलिमस म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. नुसतं ‘पेशंट बरा नाही’ म्हटल्यानं समोरचा माणूस काही ठरवू शकत नाही.

पहिले दोन तास : तालुक्याच्या दवाखान्यात

साखर लगेच बघा. बीपी, ताप, ऑक्सिजन, ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे याचा आकडा) लिहा. मान ताठ नाही म्हणून मेंदूत काही नाही असं समजू नका. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात ताप आणि मानेचा ताठरपणा दोन्ही नसू शकतात. अंगभर तपासा, पाठ आणि डोक्याच्या केसांतही. नागिणीचे फोड कुठंही लपलेले असतात, आणि कधी पुरळ न येताही तो विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातो.

रक्त घ्या : सीबीसी, स्मिअर (काचेवर पसरून पाहिलेलं रक्त), सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, लिव्हर, एलडीएच (पेशी तुटल्या की वाढणारा घटक), अमोनिया, ब्लड कल्चर. मलेरियाची तपासणी विसरू नका. टॅक्रोलिमस किंवा त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनची पातळी पुढच्या डोसच्या आधी घ्यायची असते. डोस देऊन लगेच घेतलेलं रक्त चुकीचा आकडा दाखवतं.

सोडियमपाशी इथं थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो. गोंधळलेल्या पेशंटचं सोडियम ११८, म्हणजे बरंच कमी, निघालं की सगळ्यांना हायसं वाटतं. कारण सापडलं, सलाईन लावा, दोन दिवसांत घरी. पण एचएचव्ही-६ च्या मेंदूज्वरात सोडियम उतरणं हे आजाराचंच लक्षण असू शकतं. विषाणूमुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं. अशा वेळी साधं सलाईन देत राहिलं तर ते आणखी खाली जाऊ शकतं. लघवीचं सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे ते) पाठवा. चोवीस तासांत आठ-दहा एककांपेक्षा जास्त वाढवू नका. आणि सोडियम वर आल्यावर तीन शब्दांची परीक्षा पुन्हा घ्या. तेव्हाही आठवत नसेल तर पेशंटला घरी सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

औषधांची पिशवी टेबलावर ओता. गेल्या आठवड्यात सर्दी-खोकल्याला कोणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं का? ते टॅक्रोलिमसची पातळी चढवतं. व्होरिकोनाझोलही चढवतं, शिवाय त्यानं भास होतात. सेफेपिम आणि ॲसायक्लोव्हिर ही औषधंही किडनी कमजोर असताना मेंदूला भ्रम आणतात. इमिपेनेमनं फिट येऊ शकते.

फिट थांबवायला लोराझेपाम किंवा मिडाझोलाम द्या, आणि पुढं शक्यतो लेव्हेटिरासेटाम. आपल्याकडे हात सवयीनं फेनिटोइनकडे जातो. या पेशंटमध्ये फेनिटोइन टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची पातळी पाडतं, आणि आठवड्याभरात जीव्हीएचडी डोकं वर काढू शकतो.

विषाणूसारखं दिसणारं, पण विषाणू नसलेलं

बीपी चढलेलं, डोकं ठणकतंय, दिसत नाही म्हणतो आणि मग फिट येते. ही गोष्ट बहुधा टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिनमुळे होणाऱ्या प्रेस या आजाराची असते. त्यात एमआरआयवर मेंदूच्या मागच्या भागात सूज दिसते. मॅग्नेशियम कमी असेल तर शंका पक्की होत जाते. औषध बंद करायचं की बदलायचं हे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

प्लेटलेट एकदम उतरल्या, एलडीएच चढलं, स्मिअरमध्ये तुटलेल्या लाल पेशी दिसल्या तर रक्तवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्यांचा आजार शोधा. रक्तस्राव, मूळ कॅन्सरचं मेंदूत परत येणं, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, ॲस्परजिलस ही बुरशी आणि आपल्या भागात टीबी, हे सगळे यादीत असतात. आठवडे न जेवलेल्या, उलट्या होणाऱ्या पेशंटला थायमिन द्या. ते स्वस्त आहे आणि त्याची कमतरताही विसर पाडते.

सीटी आणि एमआरआय

सीटी लगेच होतो म्हणून करा, रक्तस्राव आणि मोठी गाठ त्यात दिसते. पण सीटी नॉर्मल आला म्हणजे मेंदूज्वर नाही असं अजिबात नाही. एमआरआय लागतोच. विनंतीच्या कागदावर ‘ट्रान्सप्लांटचा अमुक दिवस, नवा विसर, लिम्बिक भाग पाहा’ असं लिहा. लिम्बिक म्हणजे आठवणीशी जोडलेला भाग. फ्लेअर, डिफ्युजन, रक्ताचे सूक्ष्म ठिपके दाखवणारा सिक्वेन्स (हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) आणि कानशिलाच्या आतल्या भागाचे कोरोनल काप मागा. किडनी चालत असेल तर कॉन्ट्रास्टही.

एचएचव्ही-६ मध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नवी आठवण बनते त्या भागात, पांढरेपणा दिसतो आणि बहुधा तो तिथंच मर्यादित राहतो. हर्पिस सिम्प्लेक्स अनेकदा एका बाजूनं जास्त धरतो, पुढं पसरतो आणि रक्तस्रावही करतो. जेसी व्हायरसचे डाग पांढऱ्या भागात, वेडेवाकडे, मेंदूला न ढकलणारे आणि बहुधा कॉन्ट्रास्ट न घेणारे. सीएमव्ही मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेनं दिसतो, आणि त्याचा संशय असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. नागिणीचा विषाणू रक्तवाहिन्या अरुंद करतो, त्यामुळं लकव्यासारखं चित्र येतं. ईबीव्हीमुळे लिम्फोमासारख्या गाठी होतात.

एचएचव्ही-६ मध्ये पहिल्या दिवसांत एमआरआय साफ नॉर्मल असू शकतो. लक्षणं तीच असतील तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करा. दरम्यान ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) करा. नुसता पडून असलेला, हाक मारली तर ओ न देणारा पेशंट आतून सतत फिटमध्ये असू शकतो, आणि हे ईईजीशिवाय कळत नाही.

मणक्यातलं पाणी

‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती खेड्यापाड्यांत खोल आहे. पाणी काढतात ती सुई मुख्य मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्याही खाली जाते, त्यामुळं लकवा होत नाही. डोकं काही दिवस दुखू शकतं. हे नातेवाइकांना बसवून, चित्र काढून सांगा. सहीसाठी कागद पुढं सरकवण्याआधी घालवलेली ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

या पेशंटमध्ये पाणी काढण्याआधी सीटी-एमआरआय पाहा. प्लेटलेट ५०,००० च्या आसपास असाव्यात असं बरीच सेंटर मानतात, काही त्याहून कमीवरही करतात. आपल्या सेंटरला विचारा. प्लेटलेट चढवायच्या तर सुईच्या अगदी आधी, आणि त्या इरॅडिएटेड असाव्यात. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला साधं रक्त चढवलं तर त्यातल्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटू शकतात. आपल्या ब्लड बँकेत ही सोय नसेल तर पेशंटला पुढं पाठवणं जास्त शहाणपणाचं.

पाणी पुरेसं काढा. मोठ्या माणसात दहा मिलिलिटरपेक्षा कमी काढलं तर सगळ्या तपासण्या होत नाहीत आणि पुन्हा सुई टोचावी लागते. दाब मोजा. पेशी मोजायची बाटली तासाभरात लॅबमध्ये गेली पाहिजे. जंतूंच्या कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. विषाणूच्या पीसीआरची (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीची) बाटली मात्र बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात पाठवा. एक जादा बाटली गोठवून ठेवा, आठवड्यानं नवी शंका आली की तीच कामाला येते. त्याच दिवशी ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये रक्तही पाठवा. हेपॅरिनची ट्यूब वापरू नका, ती पीसीआर बिघडवते.

मागायच्या तपासण्या : पेशी, प्रोटीन, साखर, ग्रॅम स्टेन, कल्चर, टीबीसाठी जीनएक्सपर्ट, क्रिप्टोकॉकस या बुरशीचा अँटिजेन, कॅन्सरच्या पेशींसाठी सायटोलॉजी आणि फ्लो. पीसीआर : एचएचव्ही-६, हर्पिस १ आणि २, नागीण, सीएमव्ही, ईबीव्ही, जेसी, ॲडिनो, एन्टेरो आणि टोक्सोप्लाझ्मा. मोठ्या लॅबमध्ये मिळणाऱ्या ‘मेनिन्जायटिस पॅनल’मध्ये एचएचव्ही-६, सीएमव्ही आणि नागीण असतात, पण नेहमीच्या पॅनलमध्ये जेसी, ईबीव्ही आणि टोक्सोप्लाझ्मा नसतात. ‘पॅनल निगेटिव्ह’ एवढं वाचून फाइल मिटवू नका.

रिपोर्ट वाचताना

पाण्यात पेशी अगदी कमी, प्रोटीन किंचित वाढलेलं. एचएचव्ही-६ मध्ये असा जवळपास नॉर्मल रिपोर्ट येऊ शकतो. पीसीआर येईपर्यंत धीर धरा.

रक्तात एचएचव्ही-६ सापडला एवढ्यावर मेंदूज्वराचं निदान होत नाही. मेंदूची लक्षणं हवीत, पाण्यात विषाणू हवा आणि दुसरं कारण सापडलेलं नसावं. आणखी एक खाच आहे. सुमारे शंभरात एका माणसाच्या प्रत्येक पेशीत हा विषाणू जन्मापासून गुणसूत्रात जोडलेला असतो. पेशंट किंवा दाता असा असेल तर रक्तात त्याचा आकडा सतत खूप मोठा येतो, मिलिलिटरला लाखांत, आणि औषध देऊनही उतरत नाही. पाण्यातही तो दिसू शकतो. अशा वेळी ट्रान्सप्लांटच्या आधीचं साठवलेलं रक्त, दात्याचं रक्त आणि पेशंटच्या केसांची मुळं किंवा नखं तपासतात. हा खुलासा झाला नाही तर किडनीला जड जाणारं औषध आठवडेच्या आठवडे विनाकारण चालू राहतं.

हर्पिसचा पीसीआर पहिल्या तीन दिवसांत खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. संशय कायम असेल तर तीन ते सात दिवसांत पाणी पुन्हा काढा. नागिणीच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात पीसीआरपेक्षा पाण्यातल्या तिच्या अँटिबॉडी जास्त वेळा सापडतात. ईबीव्ही पाण्यात सापडला तरी तो नुसत्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधून आलेला असू शकतो. एमआरआयवर गाठ असेल तर बायोप्सीचा विचार करावा लागतो.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यूची साथ असते आणि जपानी मेंदूज्वरही मनात ठेवावा लागतो. जिल्ह्याला आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडीची तपासणी) होते. पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं शरीर अँटिबॉडी बनवायला बऱ्याचदा असमर्थ असतं, आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलेलं असेल तर रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी दुसऱ्याच्या असतात. म्हणून आयजीएम निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं म्हणू नका. एनएस-१ (डेंग्यूच्या विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी) आणि पीसीआर मागा. गरज पडली तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे नमुना कसा पाठवायचा ते जिल्हा आरोग्य यंत्रणेकडून विचारून घ्या.

औषध रिपोर्टची वाट पाहत नाही

मेंदूज्वराचा संशय लिहिला त्याच क्षणी ॲसायक्लोव्हिर शिरेतून सुरू करा, मोठ्यांना किलोला १० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, किडनीप्रमाणे मात्रा जुळवून आणि पाणी भरपूर देऊन. जंतूंच्या मेनिन्जायटिसची शंका असेल तर अँटिबायोटिकही सोबतच.

ॲसायक्लोव्हिर एचएचव्ही-६ वर भरवशाचं नाही. पेशंट दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात असेल, विसर आणि सोडियमची उतरण दिसत असेल, तर ट्रान्सप्लांट सेंटरशी बोलून फॉस्कार्नेट किंवा गॅन्सिक्लोव्हिर पीसीआर येण्याआधीच सुरू करतात. दोन्ही किमान तीन आठवडे चालतात. फॉस्कार्नेट किडनीला जड, कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरवतं आणि त्यातून पुन्हा फिट येऊ शकते. गॅन्सिक्लोव्हिर नुकत्या रुजलेल्या मॅरोच्या पेशी पाडतं. फॉस्कार्नेट प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, म्हणून पेशंट रस्त्यात असतानाच ते कुठं आहे याची चौकशी लावा. जेसी व्हायरसवर खात्रीचं औषध नाही. तिथं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हाच मुख्य उपाय, आणि तो ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांच्या हातात.

पुढं पाठवताना

फिट थांबलेली, श्वास सुरक्षित आणि ॲसायक्लोव्हिरचा पहिला डोस दिलेला असावा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर, अंबाजोगाईची सरकारी मेडिकल कॉलेजं इथं पेशंट स्थिर करता येतो, आणि मग ट्रान्सप्लांट सेंटरला नेता येतं. नांदेडकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, जालना-संभाजीनगरकडच्यांना समृद्धी महामार्ग मुंबईकडे नेतो. एमआरआयची सीडी द्या, नुसता छापील रिपोर्ट नको. पाण्याचा नमुना कोणत्या लॅबला, किती वाजता, कोणत्या तपासण्यांसाठी गेला याची पावती फाइलला लावा, म्हणजे पुढच्या दवाखान्यात तेच सगळं नव्यानं करावं लागत नाही.

निदान पक्कं झाल्यावर रक्तातला विषाणू आठवड्याला मोजतात, शक्य झालं तर पाणीही पुन्हा तपासतात. ताप गेला, पेशंट बोलायला लागला म्हणून तीन आठवड्यांआधी औषध थांबवू नका. एचएचव्ही-६ नंतर काहींना विसर आणि फिट राहून जातात. त्यांच्या गोळ्या खणांच्या डब्यात, वार लिहून, दुसऱ्या माणसानं द्याव्यात. विहिरीवर, ट्रॅक्टरवर, चुलीपाशी त्यांना एकटं सोडू नये. गाडी चालवण्याचं मेंदूचे डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी मागून लिहून घ्या : कोणता विषाणू सापडला, तो गुणसूत्रातला आहे का हे तपासलं का, आणि फिटची गोळी कोणती, कधीपर्यंत.